नीरु बंतु

सांगलीत पूर येतो तो वर्दी देऊन येतो. कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीचं काय चाललंय, आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांवर गेली, पण घरात पाणी शिरायच्या आत सासूबाईंनी गहू, गाद्या आणि देव वर हलवले होते. पूर म्हणजे त्यांच्या लेखी मोजत बसायची गोष्ट.

बंगळूरला नदी नाही. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच, आणि आमचं इंदिरानगर त्यातलाही चढाचा भाग, अशी आमची समजूत. त्यामुळे खालचा घटनाक्रम मी नंतर जुळवलेला आहे: फोनमधले मेसेज, फोटोंवरच्या वेळा आणि सासूबाईंची, म्हणजे आईंची, स्मरणशक्ती यांवरून. त्या रात्री नुसताच पाऊस होता.

रविवार, ४ सप्टेंबर २०२२, सकाळी ६.४०

वरच्या मजल्यावरून ओनर आंटींची हाक: “नीरु बंतु!” म्हणजे पाणी आलं. आमच्याकडे कावेरीचं पाणी दिवसाआड येतं आणि ही हाक ऐकली की अख्खी गल्ली जागी होते. गौरीपूजनासाठी सांगलीहून आलेल्या आईंना मी अर्थ सांगितला. शिवाय हेही सांगितलं की हे पाणी थेट नळात न येता आधी अंगणातल्या संपात पडतं. “संपात?” त्यांनी विचारलं. इथे संप म्हणजे हरताळ नव्हे, जमिनीखालची टाकी. त्या हसल्या. “पाणी संपात आन् आपण कामाला.”

दुपारी १.००

पूजन, आरती, नैवेद्य. सोळा भाज्यांपैकी पडवळ आदल्या दिवशी कसंबसं मिळालं होतं. हॉलमध्ये ज्येष्ठा-कनिष्ठा आपापल्या चौरंगांवर उभ्या, पायाशी गहू-तांदळाच्या राशी, बाजूला गणपती. उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत आईंनी काढलेली रांगोळीची पावलं. आमचा गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे सोमवारी.

बेळ्ळंदूरला राहणारी मुलगी जेवायला आली होती. मंगळवारी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, आउटर रिंग रोडवर पाणी भरून ती पाच तास कॅबमध्ये अडकली होती. त्या एका दिवसात २२५ कोटींचं नुकसान झालं, असं तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना पत्राने कळवलं, ते ती पुरणपोळी खाता खाता वाचून दाखवत होती. “तुमचं बरंय, तुम्ही वर राहता,” ती म्हणाली. मीही मान डोलावली.

संध्याकाळी ४.३०

हळदीकुंकवाला आलेल्या एकीने बातमी आणली: पालघरजवळ मोटार अपघातात सायरस मिस्त्री गेले. ढगांकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ७.३० पासून

आशिया चषक, भारत-पाकिस्तान. विराटच्या ६० धावा, आपले १८१. हे टीव्हीसमोरून हलायला तयार नाहीत. आरती त्यांनी कोरडीच म्हटली, म्हणजे टाळ्या न वाजवता. सहा वाजता निघालेली मुलगी घरी पोचल्याचा मेसेज. बाहेर पाऊस सुरू, पण तो बंगळुरात रोज संध्याकाळी असतोच.

रात्री ११.१५

अठराव्या षटकात अर्शदीपने झेल सोडला आणि एक चेंडू राखून पाकिस्तान जिंकलं. हे टीव्ही बंद करायला उठले तेव्हा पहिल्यांदा पावसाचा खरा आवाज ऐकू आला. शेजारच्या पत्र्यावर पडतो तसा नव्हे, सलग, मध्ये श्वास न घेता. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी अंगणाच्या पायरीवर खडूने एक आडवी रेघ ओढली.

“आई, इथे पूर येत नाही,” मी म्हणाले.

“मग रेघ फुकट जाईल. खडू काय महाग हाय?”

रात्री १२.२०

रेघ दिसेना.

आमची गल्ली शंभर फुटी रस्त्यापासून डोमलूरच्या अंगाला उतरते. वीस वर्षांत हा उतार मला फक्त भाजीची पिशवी घेऊन परतताना जाणवला होता. आता तो पाण्याला जाणवत होता. फूटपाथच्या फरश्यांखाली जे गटार आहे ते पोटभर होऊन फरश्यांच्या फटींतून वर उसळत होतं. आम्ही दोघांनी उंबऱ्याला पोती, जुन्या चादरी आणि पायपुसणी लावून बांध घातला आणि त्यामागे झाडू घेऊन उभे राहिलो, किल्ल्याच्या दिंडीवर राहावं तसे.

रात्री १२.५०

वरून हाक: “नीरु बंतु! नीरु बंतु!”

आई कळशी घेऊन उठल्या. “एवढ्या रात्री सोडतात व्हय पाणी?”

आंटी जिन्यातून खाली धावत येत होत्या. त्यांच्या हातात कळशी नव्हती, विजेरी होती. अंकलनी तळमजल्याचं मेन स्विच पाडलं आणि घर अंधारलं. आम्ही अजून उंबरा राखत होतो. तेवढ्यात आई आतून म्हणाल्या, “अगं, इकडं बघ.”

पाणी दारातून येतं ही माझी समजूत. ते आलं मोरीतून. बाहेरचं गटार भरलं की त्याचा दाब घरातल्या नळीतून उलटा चढतो आणि सगळ्यात खालचं भोक शोधतो. न्हाणीतल्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. आईंनी चिंध्यांचा बोळा जाळीवर दाबला आणि वर वरवंटा ठेवला. तो पाचेक मिनिटं टिकला. मग न्हाणीचं पाणी मागून आणि अंगणाचं पुढून, दोन्ही हॉलमध्ये एकत्र आली. पुढचं पाणी नेमकं आईंच्या रांगोळीवरून आत शिरलं, एकेक पाऊल पुसत, चौरंगापर्यंत.

रात्री १.३०

घोट्याच्या वर. गव्हाची रास खालून ओली होऊ लागली. गणपतीला उचलून मी फ्रिजवर ठेवलं, तो शाडूचा, त्याला पाणी चालणार नव्हतं. त्याच्याबाबत आईंची हरकत नव्हती. हरकत गौरींची होती.

ज्यांच्याकडे गौरी बसतात त्यांना हे सांगायला नको. पूजन झालेल्या गौरी जागच्या हलवायच्या नसतात, कारण त्यांना किंचित सरकवणं म्हणजेच विसर्जन. ते मूळ नक्षत्रावर, सोमवारी. रात्री दीड वाजता त्यांना उचलून पलंगावर ठेवलं असतं तर पाहुणीला जेवू घालून अंधारात, भर पावसात, घराबाहेर काढल्यासारखं झालं असतं. हे म्हणाले, “आई, आता शास्त्र बघायची वेळ आहे का?” आई म्हणाल्या, “हीच वेळ असती. एरवी कोण बघतंय?”

मी वैतागले होते, कबूल करते. माझ्या डोळ्यांसमोर कपाटाचा खालचा खण, त्यातली कागदपत्रं, इन्व्हर्टरची बॅटरी. पण आईंनी विचार केलेला होता. सरकवायचं नाही, असं आहे. उचलायचं नाही, असं कुठे आहे?

अंगणात अंकलनी स्कूटर चढवायला सिमेंटचे ठोकळे ठेवले होते. चौघांनी चौरंगाचे चार कोपरे धरायचे, सरळ वर घ्यायचं, डावीउजवीकडे केसभरही नाही, आणि आईंनी खाली ठोकळे सारायचे. चौघं म्हणजे आम्ही दोघं आणि अंकल-आंटी. आंटींची गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती. त्यांच्याकडे स्वर्णगौरी तृतीयेला असते. आमच्या बायका उशिरा येतात आणि जास्त दिवस राहतात याची त्यांना दरवर्षी गंमत वाटते. त्या रात्री त्यांनी पदर खोचला, नमस्कार केला आणि कोपरा धरला. ज्येष्ठा वर गेली, विजेरीच्या उजेडात तिची नथ हलली, पण चौरंग हलला नाही. मग कनिष्ठा. मग दोघींखाली आणखी एकेक थर.

पाठ धरलेले अंकल म्हणाले की १९८८ च्या सप्टेंबरातही असाच पडला होता. नंतर पाहिलं तर खरं होतं: १२ सप्टेंबर १९८८, एका दिवसात १७७.६ मिलीमीटर. पण तेव्हा पाणी घरात आलं नव्हतं, म्हणाले. समोर मोकळी जागा होती.

रात्री २.१५

पहिल्या थराच्या वर दोन बोटं. आईंनी कुंकवाने भिंतीवर खूण केली आणि खाली तारीख घातली. सांगलीत पूर ओसरला की भिंतीवर अशी रेघ राहू देतात, २००५ ची, २०१९ ची, पोरांच्या उंचीच्या खुणा असतात तशी.

आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. आंटींनी गाळून कॉफी आणली. आई विचारत राहिल्या: वर धरण कुठलं? पुढं नदी कुठली? सोडलं किती? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अंकलकडे होतं. बंगळूरला धरण नाही आणि नदी नाही, तळी होती. एक तळं भरलं की त्याच्या कोडीवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी खालच्या तळ्यात. तूबु, म्हणजे तळ्याची झडप, कधी उघडायचा, कोणाच्या शेताला किती द्यायचं हे बघायला गावोगावी नीरुगंटी असायचा. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तळ्यात कंठीरव स्टेडियम, आणि आमच्याच उताराच्या तळाशी जे चल्लघट्टा तळं होतं तिथे गोल्फ खेळतात. नीरुगंटीची नोकरी कोणी काढून घेतली नाही, त्याचं तळंच काढून घेतलं.

“मग हे पाणी जातंय कुठं?” आईंनी विचारलं.

अंकलनी हाताने दिशा दाखवली. डोमलूर, चल्लघट्टा, आणि तिथून बेळ्ळंदूर.

पहाटे ४.००

उतरलं. ज्या मोरीतून आलं तिच्यातूनच, घशात अडकल्यासारखा आवाज करत. मागे गाळ, डिझेलचा वास, एक अनोळखी चप्पल. आम्हाला वाटलं, संपलं.

सोमवार, ५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

मुलीचा फोन. तिच्या इमारतीचं तळघर भरलं होतं, गाड्या तरंगत होत्या, लिफ्ट बंद, वीज नाही, आणि पाणी अजून चढत होतं. “इथे तर पाऊस थांबलाय, आई. हे येतंय कुठून?”

मी आईंकडे पाहिलं. त्या गाळ उपसत होत्या.

सकाळी ८.३०

वेधशाळेचा दिवस साडेआठला संपतो. चोवीस तासांत १३१.६ मिलीमीटर. सप्टेंबरच्या अख्ख्या महिन्याची सरासरी दोनशेच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून अधिक महिना एका रात्रीत. मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. बंगळुरातला नेहमीचा तीस-चाळीसचा प्लॉट १११ चौरस मीटरांचा. गणित केलं तर एकट्या आमच्या प्लॉटवर साडेचौदा हजार लिटर पडलं होतं. सहा हजार लिटरचे दोन टँकर आणि वर कळशा.

सकाळी १०.००

नळ कोरडा. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, चढ चढवत आणतात. मंड्या जिल्ह्यातल्या टी. के. हळ्ळीच्या पंपिंग केंद्रातच पुराचं पाणी शिरलं होतं, पंप बंद, आणि मुख्यमंत्री ते बघायला निघाले होते. आम्ही संपाचं झाकण उघडलं. आत रविवारच्या हाकेचं पाणी होतं, त्यावर रात्रीच्या हाकेचं. वास घेऊन अंकलनी झाकण पुन्हा लावलं.

दुपारी ३.००

मुलगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून पाण्याबाहेर आली. माणशी पन्नास रुपये. ट्रॉलीत लॅपटॉपच्या पिशव्या डोक्यावर धरलेली माणसं आणि कुणाचा तरी कुत्रा. यमलूरच्या बंगल्यांतले लोकही त्याच वाहनाने निघाले, त्या आठवड्यात देशभर ते फोटो फिरले. आल्या आल्या तिने भिंतीवरची कुंकवाची रेघ पाहिली. “एवढंच?” म्हणाली. तिच्या तळघरात ती रेघ छताला लागली असती.

संध्याकाळी ६.३०

विसर्जन. दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि आईंनी दोघींना किंचित सरकवलं, ठोकळ्यांसकट. रात्रभर न केलेली ती दोन बोटांची हालचाल त्यांनी फार सावकाश केली. प्रश्न उरला गणपतीचा. तो आम्ही बादलीत विरघळवतो, आणि घरात बादलीभर स्वच्छ पाणी नव्हतं. वरच्या टाकीत तळाशी जे उरलं होतं त्यातून आंटींनी पितळी बिंदिगे, म्हणजे कळशी, भरून दिली. आमचा गणपती शेजारणीच्या स्वयंपाकाच्या पाण्यात गेला.

त्याच रात्री व्हाइटफिल्डकडे एक तरुणी पाण्यातून घरी जाताना विजेच्या खांबाला हात लागून गेली. आम्ही टीव्ही बंद केला.

बुधवार, ७ सप्टेंबर, सकाळी ७.१०

संप दोनदा उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतला होता. टँकर गल्लीत वळला, तसा त्याचा हॉर्न ऐकून आंटी वरून ओरडल्या, “नीरु बंतु!”

पलंगावर बसलेल्या आईंनी चहाचा कप न सांडता दोन्ही पाय वर घेतले.