औषध कोणाकडून घ्यायचं? घरच्या संगणकातल्या व्हायरसची गोष्ट



घरच्या संगणकात व्हायरस शिरला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "कोणी काय उघडलं होतं?" आणि "फॉरमॅट मारून टाका!" या दोन्हींच्या मधे एक प्रश्न राहून जातो: औषध कोणाकडून घ्यायचं? आजच्या भागात या प्रश्नाचा इतिहास पाहू. तो जवळजवळ चाळीस वर्षांचा आहे आणि त्याचा एक धागा पुण्यातूनही जातो.

सुरुवात १९८६ सालची, लाहोरची. बासित आणि अमजद फारूख अल्वी या दोन भावांचं तिथे संगणकाचं दुकान होतं. आपलं सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात, म्हणून त्यांनी फ्लॉपीवर लपून बसणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ब्रेन. आयबीएम पीसी जातीच्या संगणकांवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. गंमत अशी की त्याच्या आत दोघा भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर होते, आणि "लस हवी असेल तर संपर्क साधा" अशी सूचनाही. फ्लॉपी हातोहात फिरत परदेशात पोचली आणि लाहोरच्या दुकानात दूरदेशाहून फोन येऊ लागले. या गोष्टीतला पडद्यावरचा पहिला फोन नंबर तो. निदान तो खरा तरी होता.

ब्रेनची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा पहिला कप्पा वाचतो. ब्रेन तिथेच बसायचा. मूळ मजकूर तो दुसरीकडे हलवून ठेवायचा आणि कोणी पहिला कप्पा तपासायला गेलं, की तो हलवलेला स्वच्छ मजकूर दाखवायचा. चोरानेच दार उघडून "आत कोणी नाही" म्हणावं, तसं. म्हणजे आजारी संगणकालाच "तू बरा आहेस का?" असं विचारून उपयोग नव्हता.

यातून त्या काळचा नियम तयार झाला. संगणक बटण दाबून पूर्ण बंद करायचा. खात्रीच्या, दुसरीकडे तयार केलेल्या फ्लॉपीवरून तो सुरू करायचा. त्या फ्लॉपीच्या कडेची खाच आधीच चिकटपट्टीने बंद केलेली असायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नसे आणि व्हायरस तिच्यात शिरू शकत नसे. मगच साफसफाई.

डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने जगभर गेल्या. वर लिहिलं होतं, एड्सविषयी माहिती. फ्लॉपी संगणकात घातल्यावर बरेच दिवस काहीच होत नसे. संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाला की फाइलींची नावं ओळखू येईनाशी होत आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा, असा हुकूम पडद्यावर येई. आज ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, त्याचा हा पूर्वज. औषध मात्र पनामाहून आलं नाही. ब्रिटनमधल्या जिम बेट्स यांनी तो प्रोग्रॅम उलगडून पाहिला आणि फाइली परत मिळवण्याचं साधन लोकांना फुकट दिलं.

आता पुण्याकडे येऊ. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले आणि पुढे संगणकही. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी संगणकांत बिघाड यंत्राचा नसे, व्हायरसचा असे. धाकटे भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. थोरल्याच्या गिऱ्हाइकांसाठी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. मायकलअँजेलो या व्हायरसने तेव्हा जगभर धास्ती पसरवली होती. तो ६ मार्चला जागा होऊन हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसायचा. अशाच कामातून १९९५ मध्ये क्विक हील हा अँटीव्हायरस उभा राहिला. लाहोरच्या भावांनी व्हायरस सोडला आणि पुण्याच्या भावांनी व्हायरस काढण्याचा धंदा उभारला, असा हा योग!

हे सगळं आज कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण तो फोन नंबर पुन्हा पडद्यावर आला आहे, आणि या वेळी खोटा.

तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी आई-बाबा आलेले असतात. दुपारी घरी तेच. एखादी मराठी बातमी वाचताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, "तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा." पलीकडचा माणूस आदराने बोलतो, कदाचित आपल्याच वळणाचं इंग्रजी. मग एक ॲप उतरवायला सांगतो. तुम्ही एरवी इथे बसून त्यांच्या पुण्यातल्या संगणकात शिरता ना, त्याच जातीचं. म्हणून त्यांना ते ओळखीचं वाटतं. पुढे बँकेचं खातं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्येच अशा टोळ्यांविरुद्ध मोठी कारवाई केली होती, तरी हा उद्योग थांबलेला नाही. बऱ्याचदा त्या लाल पडद्यामागे व्हायरस नसतोच. असतं फक्त एक वेबपान.

तेव्हा जुना नियम आजच्या भाषेत. पडद्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही. वायफाय बंद करायचं, ब्राउझर बंद करायचा. होत नसेल तर बटण दाबून संगणकच बंद करायचा. विंडोज असेल, तर त्यातल्या सुरक्षेच्या विभागात डिफेंडरची ऑफलाइन तपासणी असते. ती संगणक पुन्हा सुरू करून, नेहमीचं विंडोज जागं होण्याआधीच तपासते. जुन्या स्वच्छ फ्लॉपीचीच ही नवी आवृत्ती. तरीही भागलं नाही, तर दुसऱ्या, चांगल्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करून विंडोज नव्याने घालायचं. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या यंत्रावरून. कोणी संगणकात शिरलंच असेल, तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला लगेच फोन. आणि फोटोंची एक प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर, काम झाल्यावर तार काढून ठेवलेली.

शेवटचं काम आज संध्याकाळी करा. तुमचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवा आणि आई-बाबांना सांगा, "काहीही झालं तरी आधी इथे फोन करा. मी मीटिंगमध्ये असले तरी करा." आणि फोन आला की पहिलं वाक्य "काय उघडलंत?" हे नको. त्या भीतीनेच पुष्कळ लोक घरच्यांऐवजी परक्याला फोन करतात.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.