विश्लेषण : मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर माणूस किती वर्षं जगतो, हे कशावर ठरतं?

पुण्याच्या खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू आहे. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले सैनिक इथे राहतात. त्यातले अनेकजण व्हीलचेअरवरून खेळतात, काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. अशा दुखापतीनंतर काहीजण पुढे अनेक दशकं जगतात, तर काहीजण वर्षभरातच दगावतात. हा फरक कशामुळे पडतो?

पूर्वी काय व्हायचं?

पहिल्या महायुद्धाच्या काळात अशा जखमींपैकी फार थोडे दीर्घकाळ जगत. अनेकांचा जीव मूळ जखमेपेक्षा मूत्रपिंडाच्या संसर्गाने आणि अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांनी, म्हणजे बेडसोरने जाई. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवणं, लघवीच्या मार्गाची काळजी, व्यायाम आणि खेळ यांची शिस्त लावली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली.

कोणत्या गोष्टी आपल्या हातात नसतात?

दुखापतीची जागा, तिची तीव्रता आणि रुग्णाचं वय. इजा मानेत जितकी वर, तितका धोका जास्त, कारण श्वासपटल हलवणाऱ्या नसा मानेतूनच निघतात. अमेरिकेतल्या नोंदींनुसार, विसाव्या वर्षी जखमी होऊन पहिला दिवस पार केलेला पॅराप्लेजियाचा रुग्ण पुढे सरासरी सुमारे ४५ वर्षं जगतो. मानेच्या वरच्या भागात इजा झाली असेल, तर हाच आकडा सुमारे ३३ वर्षांवर येतो. कायम व्हेंटिलेटर लागला तर तो आणखी खूप खाली जातो. मृत्यूचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो.

मग हातात काय असतं?

त्वचा : अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी बुडाखालचा दाब हलका करणं आणि रोज आरशाने पाठ तपासणं. संवेदना नसल्यामुळे जखम दुखत नाही, म्हणून ती शोधावी लागते.

मूत्राशय : ठरलेल्या वेळी स्वच्छ कॅथेटरने लघवी काढणं आणि मूत्रपिंडांची नियमित तपासणी.

फुप्फुसं : खोकण्याची ताकद कमी झाल्याने कफ साचतो. न्यूमोनिया हे आज मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे श्वासाचे व्यायाम करणं आणि धूम्रपान टाळणं महत्त्वाचं.

मन आणि माणसं : नैराश्य, एकटेपणा आणि उत्पन्न बंद होणं यांचाही आयुर्मानावर परिणाम होतो. कूस बदलायला कुणी नसेल, कॅथेटरला पैसे नसतील, तर वरच्या सूचना कागदावरच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अशा व्यक्तींचा अकाली मृत्यू होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते पाच पट असते, आणि गरीब देशांत चित्र आणखी वाईट आहे. म्हणजेच प्रश्न केवळ जखमेचा नाही, तर घरी गेल्यावर मिळणाऱ्या देखभालीचाही आहे. खडकीतल्या केंद्राचं महत्त्व इथेच आहे. वैद्यकीय देखरेख, सोबत आणि दिवसभराचं काम तिथे एकाच आवारात मिळतं. बांधकामावरून किंवा झाडावरून पडलेल्या मजुराला रुग्णालयातून घरी सोडल्यावर बहुतेकदा यातलं काहीच मिळत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण?

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे जखमी झाल्यानंतर ५९ वर्षांनी, त्यांनी राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार स्वीकारला.

अपघात पाहिला तर काय करावं?

मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर जखमीला उचलून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अर्धवट राहिलेली इजा चुकीच्या हाताळणीने पूर्ण होऊ शकते.