अर्ज कुणाच्या हातचा?

इ.स. १४८२च्या सुमारास तिशीला टेकलेल्या एका माणसानं मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागणारं पत्र तयार केलं. मिलान तेव्हा व्हेनिसविरुद्धच्या लढाईत उतरलं होतं, म्हणून पत्रातले बहुतेक मुद्दे युद्धाचे होते. मी हलके, सहज उचलून नेता येतील असे पूल बांधतो. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढू शकतो. तोफा, झाकलेल्या गाड्या, भुयारं, सगळं जमतं. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन. आणि हो, शिल्पं करतो, चित्रंही काढतो.

हा उमेदवार म्हणजे लिओनार्दो दा विंची. ज्या कामासाठी जग त्याला आज ओळखतं, ते त्यानं पार शेवटी टाकलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यानं जॉब डिस्क्रिप्शन नीट वाचलं आणि रेझ्युमे त्या हिशोबानं फिरवला. युद्धयंत्रांचा प्रत्यक्ष अनुभव त्याच्याकडे फारसा नव्हता, म्हणजे थोडं फुगवलंही.

आता खरी गंमत. या पत्राचा जो मसुदा मिलानच्या संग्रहात आज जपलेला आहे, तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरात नाही. तो डावखुरा होता आणि स्वतःच्या वह्यांत उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावं लागेल असं लिहायचा. हा मसुदा सरळ, नेटक्या अक्षरात आहे. अभ्यासक मानतात की तो त्यानं एखाद्या लेखनिकाकडून लिहून घेतला असावा.

सध्या आमच्या पिढीत एक वाद रोज झडतो : चॅटजीपीटीकडून रेझ्युमे आणि कव्हर लेटर लिहून घेतलं, तर ते 'आपलं' उरतं का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंटरव्ह्यू देतो आणि घेतोही. मला वाटतं हा प्रश्न एआयच्या आधीपासूनचा आहे. अर्ज दुसऱ्याच्या हातानं लिहिला जाण्याला काही शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या कामाचं बरंच काही सापडतं.

नक्कल करणारे कारकून

चीनमध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा घेण्याची पद्धत फार जुनी. साँग राजवटीत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, तिथे एक वेगळी व्यवस्था बसवली गेली. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचं आणि मग कारकुनांनी ती अख्खी उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढायची. परीक्षकाच्या हातात जायची ती ही नक्कल. कारण अक्षरावरून उमेदवार ओळखू येतो, आणि ओळखू आला की ओळखपाळख मध्ये येते.

इथे दुसऱ्याचा हात आला तो न्यायासाठी. स्वतःचं अक्षर गेलं, पण विचार उमेदवाराचेच राहिले. त्याच व्यवस्थेत पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणारे तोतयेही होते, आणि तो गुन्हा मानला जाई. म्हणजे अक्षर कुणाचं आणि डोकं कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तेव्हाच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र ते सारखे एकत्र करतो.

वशिला ते टंकलेखन

भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या जागा बराच काळ कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर भरल्या जात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वशिला. १८५५ साली लंडनमध्ये सनदी नोकरीसाठी पहिली स्पर्धा परीक्षा झाली आणि कागदावर तरी गुणवत्तेचं युग सुरू झालं. पण परीक्षा लंडनमध्ये आणि इंग्रजीत. १८६३मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, ते पहिले भारतीय. बाकीच्यांसाठी बुद्धीच्या आधी बोटीचं भाडं आणि साहेबाची भाषा उभी होती.

त्यानंतर कितीतरी वर्षं नोकरीच्या जाहिरातींत 'स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज करावा' अशी अट असायची. अक्षरावरून माणूस कळतो असा समज होता. मग टाइपरायटर आला. १८७४मध्ये अमेरिकेत रेमिंग्टननं तो बाजारात आणला, आणि १९५५मध्ये गोदरेजनं भारतीय बनावटीचा काढला. गावोगावी टायपिंगचे क्लास निघाले. यंत्रानं लिहिलेला अर्ज परका वाटण्याचे दिवस सरले आणि यंत्र चालवता येणं हीच पात्रता झाली. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचं प्रमाणपत्र लागतं, ते याच काळाची खूण.

आणि ज्यांना लिहिताच येत नव्हतं ते? मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसायचे. गावाहून आलेला कामगार त्यांच्यापुढे बसून बोलायचा, ते लिहायचे. मनीऑर्डरचा फॉर्म, घरची खुशाली, कुणाचा अर्ज. मोबाइल आल्यावर हा धंदा ओसरला. त्या कामगाराचं पत्र खोटं होतं असं कुणी म्हणणार नाही. अक्षर लेखकाचं, वाक्यरचना लेखकाची, पण पगार किती झाला आणि आईला किती पाठवायचे, हे त्याचंच.

वाचणारंही यंत्रच

आपल्या काळात एक नवी गोष्ट घडली. आता लिहिणाऱ्याच्या बाजूला यंत्र आहे तसं वाचणाऱ्याच्याही बाजूला आहे. १९९०च्या दशकात नोकरीच्या वेबसाइट आल्या. आपल्याकडे नोकरी डॉट कॉम १९९७चं. एका क्लिकवर अर्ज जाऊ लागला, तसे एका जागेसाठी येणाऱ्या अर्जांचे ढीग वाढले आणि ते चाळायला सॉफ्टवेअर आलं.

त्यातली एक घटना आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. ॲमेझॉननं २०१४पासून रेझ्युमेंना गुण देणारी एक एआय प्रणाली बनवायला घेतली होती. तिला शिकवायला आधीच्या दहा वर्षांतले अर्ज दिले, आणि त्यात पुरुषांचे अर्ज जास्त होते. प्रणाली तेच शिकली. रेझ्युमेत 'महिलांच्या' अमुक संघाची कर्णधार अशा अर्थाचा शब्द आला की ती गुण कमी करायची. कंपनीनं तो प्रकल्प बंद केला. रॉयटर्सनं ही बातमी ऑक्टोबर २०१८मध्ये दिली.

यंत्र असं वाचत असेल, तर माणसं यंत्रासाठी लिहू लागणारच. जाहिरातीतले कीवर्ड जसेच्या तसे रेझ्युमेत कोंबायचे, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवायचे, हे प्रकार चॅटजीपीटीच्या आधीचे. ३० नोव्हेंबर २०२२ला ते आलं आणि हेच काम सोपं, फुकट आणि सुबक झालं. त्यामुळे 'एआय वापरणारे उमेदवार अप्रामाणिक' हा शेरा मला अर्धवट वाटतो. समोरचा तुमचा अर्ज स्वतः वाचणार नसेल, तर तुम्ही तो एकहाती घासून लिहावा ही अपेक्षा एकतर्फी आहे.

मग 'आपलं' काय?

लिओनार्दोकडे परत जाऊ. त्याचं औपचारिक लॅटिन शिक्षण झालेलं नव्हतं. आपण पुस्तकी विद्वान नाही, म्हणून काही लोक आपल्याला कमी लेखतील, हे त्यानं स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय. लातूर किंवा जळगावच्या मराठी शाळेतून आलेल्या, कोड उत्तम लिहिणाऱ्या पण इंग्रजी कव्हर लेटरला अडणाऱ्या मुलीला ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. तिच्यासाठी एआय म्हणजे जीपीओसमोरचा पत्रलेखक आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी तपासून देणारे काका-मामा होते, त्यांना ही मदत कायमच होती. फक्त तिला कुणी टूल म्हणत नव्हतं.

पण पत्रलेखक आणि एआय यांच्यात एक फरक आहे. पत्रलेखकाला फक्त तुम्ही सांगाल तेवढंच माहीत असे. एआयनं मात्र लाखो रेझ्युमे वाचलेत. तुम्ही 'लॉगिनचं पान बनवलं' असं सांगितलं, तर ते 'सुरक्षित प्रणालीच्या उभारणीचं नेतृत्व केलं' असं करून देतं, वर एखादी टक्केवारीही चिकटवतं. 'खरंच केलंस का?' असं ते सहसा विचारत नाही. आणि पॅनेलवर बसलो की मी पहिला प्रश्न नेमका त्याच ओळीवर विचारतो. नेतृत्व केलंस म्हणजे काय केलंस? ४० टक्के कशाचे, मोजले कसे? तिथे शांतता पसरली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो. हे बघणं वाईट असतं, कारण लॉगिनचं पान त्या मुलानं खरोखर चांगलं बनवलेलं असतं.

लिओनार्दोनं पत्राच्या शेवटी एक गोष्ट लिहिली होती : यातलं काही कुणाला अशक्य वाटलं, तर मी आपल्या बागेत किंवा आपण म्हणाल तिथे प्रत्यक्ष करून दाखवायला तयार आहे. अक्षर लेखनिकाचं, मांडणी नोकरी देणाऱ्याच्या गरजेनुसार, पण करून दाखवायची तयारी स्वतःची. माझ्या मते अर्ज आपला आहे की नाही, याची एवढी एकच कसोटी पुरते.

ती वापरायची कशी, तेही सोपं आहे. आधी मराठीत, जसं मित्राला सांगू तसं, काय केलं ते लिहा किंवा बोला. मग एआयला इंग्रजी करायला द्या आणि बजावा की नवं काही घालू नकोस. आलेली प्रत्येक ओळ वाचून विचारा : यावर मला पाच मिनिटं बोलता येईल? कोड उघडून दाखवता येईल? नसेल तर ती ओळ कितीही देखणी असो, काढा. आणि इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी एआयलाच परीक्षक करा, त्याच ओळींवर उलटतपासणी घ्यायला सांगा.

आपल्या भाषेत अर्जदाराला 'उमेदवार' म्हणतात, म्हणजे उमेद बाळगणारा. याच शब्दापासून झालेल्या 'उमेदवारी करणं'चा एक अर्थ आहे एखाद्या ठिकाणी राबून काम शिकणं. रेझ्युमे कुणाकडूनही लिहून घ्या, पण ही उमेदवारी तुमच्या वतीनं दुसरं कुणी करू शकत नाही. ती केलेली असेल, तर कव्हर लेटर कोणत्या टूलनं लिहिलं हे लपवायचीही गरज पडत नाही. कुणी विचारलं, तर सरळ सांगा.