बॅटरी गेली की अल्टरनेटर? डीलरच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी काय तपासावं

सकाळी किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं 'टक-टक' केलं, की बहुतेक जण बॅटरी गेली असं धरून चालतात. नवी बॅटरी बसवली जाते, दोन-चार दिवस गाडी नीट चालते आणि मग भर रस्त्यात बंद पडते. कारण दोष बॅटरीत नसतोच, ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो. याच्या उलटही घडतं. हजारो रुपये खर्चून अल्टरनेटर बदलला जातो आणि खरा दोष बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरात किंवा सैल अर्थिंगमध्ये निघतो.

बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवून इंजिन सुरू करणं. त्यानंतर गाडीची सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो. गॅरेजमध्ये त्याला अजूनही अनेक जण 'डायनामो' म्हणतात. तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो. त्यात तयार होणाऱ्या एसी विजेचं डायोड डीसीत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा इथेच फसवतो. गाडी चालताना तो लागला, तर बहुतेक वेळा बॅटरी खराब झाली असं नव्हे, तर चार्जिंग होत नाहीये, असा त्याचा अर्थ असतो.

मल्टिमीटर काय सांगतो?

काहीशे रुपयांचा मल्टिमीटर इथे पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावूनही तो १३ च्या खाली राहत असेल, तर संशय अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंगवर जातो. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटरचं काम बिघडलेलं असतं आणि चांगली बॅटरीही त्यात लवकर खराब होते. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे तिथे एकाच रीडिंगवरून निकाल देऊ नये.

चार्जिंग व्यवस्थित असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर डॅशकॅम, ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम बंद गाडीतही वीज ओढत आहे का, हे पाहावं लागतं.

इंजिन सुरू ठेवून बॅटरीची तार काढून बघण्याची जुनी युक्ती आजच्या गाड्यांवर करू नये. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. मग अल्टरनेटरचा खर्चही किरकोळ वाटेल.

डीलरचं बिल मोठं का होतं?

अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर आणि डायोड प्लेट हे भाग अनेक मॉडेलमध्ये सुटे बदलता येतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते करतो. डीलरच्या वर्कशॉपमध्ये मात्र सहसा अख्खी असेंब्ली बदलली जाते. त्यात वेळ वाचतो आणि नव्या भागावर वॉरंटी देता येते. यात दरवेळी फसवणूकच असते असं नाही. फरक पडतो तो ग्राहकाच्या खिशाला.

हा वाद जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग खुल्या बाजारात न मिळणं आणि बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी जाण्याची भीती, हे त्या प्रकरणातले कळीचे मुद्दे होते. कंपन्या पुढे अपिलात गेल्या.

गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडेच जाणं शहाणपणाचं. माइल्ड हायब्रिड गाडीत अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर असतो, तिथेही बाहेरचे प्रयोग टाळावेत. बाकीच्यांनी एस्टिमेटवर सही करण्याआधी व्होल्टेजची रीडिंग्ज आणि बॅटरीच्या लोड टेस्टचा निकाल लेखी मागावा. लेबर आणि पार्टची रक्कम वेगळी लिहून घ्यावी. बदललेला जुना भाग दाखवायलाही सांगावं. बिलाचा वाद मिटलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बॅटरीच बदलायची ठरली, तर बाहेरच्या दुकानातला भावही विचारावा. जुन्या बॅटरीतल्या शिशाला किंमत असते, त्यामुळे ती परत दिल्यावर बिलात सूट मिळते. वॉरंटी कार्ड नीट वाचावं: अनेकदा पहिल्या काही महिन्यांतच बॅटरी मोफत बदलून मिळते, पुढच्या काळात फक्त किमतीत सवलत. सिग्नलला आपोआप बंद होऊन सुरू होणाऱ्या गाडीला मात्र ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते. तिथे साधी स्वस्त बॅटरी बसवली, तर ती लवकर मान टाकते.