एकच प्याला : नाट्यगुणांची ओळख
राम गणेश गडकरी यांची पाच अंकी शोकांतिका, पदे वि. सी. गुर्जर यांची. पहिला प्रयोग गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने केला. शीर्षकातच विरोधगर्भता आहे : ‘एकच’ म्हणून उचललेला प्याला शेवटी विषाचा होतो. प्याला हे प्रतीक. नायकाच्या ‘सुधाकर’ या नावात अमृत, हातात मद्य, हा उपरोध. तळीराम या मद्यपी पात्राच्या आर्यमदिरामंडळाचे विनोदी प्रवेश करुणरसाला विरोधाने धार देतात. अनुप्रासांचा सोस मात्र काही स्वगतांत जड होतो. गडकऱ्यांचा अंत विदर्भात, सावनेरला झाला.