धोट्याचा विटाळ

मुंबईच्या कापडगिरण्यांत नाना जातींचे हात राबत. परंतु विणकाम खात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांस बंद असे. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या ओठांचा विटाळ सवर्ण विणकरांस नको होता. वेतन मात्र याच खात्यात अधिक! १९२८ च्या प्रचंड संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मोठ्या नाखुशीने तो मागण्यांत आला. हा अन्याय असलाच तर त्याचे उत्तरदायित्व आपले नव्हे, असे मालकांनी सांगितले. १९५० मध्ये राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु गिरणीतले ते दार कायद्याच्या आधी, शेजारी राबणाऱ्या सोबत्यांनीच उघडावयास हवे होते.