मालवण सागरी अभयारण्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संरक्षित सागरी क्षेत्र. स्थापना १९८७, क्षेत्रफळ सुमारे २९ चौ. किमी. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतालचा खडकाळ समुद्र हा त्याचा गाभा. येथे पोराइट्स, टर्बिनेरिया इ. प्रजातींची प्रवाळे आढळतात.

प्रवाळाचा जीव नाजूक असतो. पाणी नेहमीपेक्षा तापले, की त्याच्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर पडते. प्रवाळ पांढरे पडते व उपासमारीने मरू शकते. पर्यटनाची इजा याहून थेट आहे. होडीचा नांगर खडकावर पडला किंवा पाण्याखालचे जग पाहायला उतरलेला माणूस दम घ्यायला प्रवाळावर उभा राहिला, तरी वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. मासेमारीचा धोका वेगळा: ट्रॉलरच्या जाळ्यांत माशांची पिल्ले व कासवेही सापडतात. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या झोतावरील मासेमारी अख्खे थवे उचलते. याचा पहिला फटका किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना, म्हणजे रापणकरांना बसतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ काढण्यास बंदी आहे. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. मात्र भर समुद्रात रात्रीची गस्त घातल्याशिवाय ही बंदी कागदावरच राहते. स्थापनेपासूनच मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध राहिला, कारण त्यात त्यांना आपल्या पोटावर पाय आलेला दिसला. त्यांना विश्वासात घेणे हाच येथील संरक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. नांगराऐवजी कायमचे बोये, पिल्ले निसटतील अशी चौकोनी आसाची जाळी आणि प्रशिक्षित स्थानिक वाटाडे हे उपाय त्यांच्याच हातून होऊ शकतात.